जोडीदाराच्या छातीचा फोटो

मला क्षय झाला होता. टी.बी.

हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. माय शेजारणींना सांगायची, "मास्तरले थंडी बाधली. हवापालट कराले बुलडाण्याले ठेवलं." बुलडाण्याची हवा चांगली आहे, हे खरं. पण मी तिथं हवा खायला गेलो नव्हतो. क्षयाच्या वॉर्डात खाट क्रमांक सातवर सहा महिने पडून होतो.

मी वडनेर भोलजीचा. आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. बाबा सही म्हणून अंगठा उठवतात, आजोबाही तेच करायचे. कॉलेजात गेलेला, बी.ए. झालेला घरातला पहिला माणूस मी. मलकापूरच्या हायस्कुलात शिकवतो. घरात चार ओळी सरळ लिहू शकणारा मी एकटा, आणि मीच जर माझ्या आजाराचं नाव लपवलं तर शिकलो कशाला, असं मला वाटतं. म्हणून लिहितो.

आधी शेवट सांगून टाकतो. मी बरा झालो आहे. शाळेत जातो, फळ्यासमोर उभा राहून तास घेतो, सायकलही चालवतो. ज्यांच्या घरात आज हा आजार निघाला असेल त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं आणि मग पुढं जावं.

मरणाची भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. पण तिच्यापेक्षा मोठी भीती दुसरीच होती. श्रावण माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि सायकलीवरचा माझा जोडीदार. त्याचं लग्न ठरलं होतं. माझा रोग त्याला लागला असेल का, हा प्रश्न उशाशी घेऊन मी झोपत होतो.

फेरी

आमच्या भागात तेव्हा माघ महिन्यात सायकलफेरी निघायची. नवीन राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, सगळ्यांनाच काहीतरी नवं करायचा उत्साह होता. मलकापूरचे पाच-सहा मास्तर, कारकून आणि कापसाच्या जिनातले कामगार यांनी मिळून ती सुरू केली. ती शर्यत नव्हती. सूर्य उगवताना मलकापूरहून निघायचं, मोताळा, राजूरचा घाट, बुलडाणा, चिखली करत दिवस मावळायच्या आत देऊळगाव राजाला पोचायचं. बालाजीचं दर्शन घ्यायचं, मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी मावळतीच्या आत परत यायचं. एका बाजूनं सत्तरेक मैल. सायकली आपल्या नेहमीच्याच, काळ्या, जड, मागं कॅरिअर असलेल्या. पहिला-दुसरा नंबर नसे. जो वेळेत परतला तो जिंकला.

फेरी जोडीनं करायची. दोघांत एक कार्ड. ठिकठिकाणी त्यावर शिक्के घ्यायचे, आणि दोघं सोबत उभे असले तरच शिक्का मिळायचा. निघण्याआधी एक रिवाज होता. आपली सायकल आपण तपासायची नाही, ती जोडीदारानं तपासायची. ब्रेक, साखळी, टायर सगळं त्यानं पाहायचं, कारण आपल्या सायकलीचे दोष माणूस पोटात घालतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढं सगळं तिच्याशीच येऊन भिडतं. पुढच्यानं वारा तोडायचा आणि मागच्यानं त्याच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून आडोशानं चालवायचं. दर दोन मैलांच्या दगडाला अदलाबदल करायची, म्हणजे दोघंही दमत नाहीत. मी मात्र अदलाबदल कधी केली नाही. वयानं मोठा, बी.ए., शिवाय त्यांच्या घरचा जावई! मेव्हण्याच्या मागं कसा राहू? श्रावण म्हणायचा, "भाऊजी, या ना मांगं थोडं." मी म्हणायचो, "तू आरामात चाल बे." तो दोन दिवस माझ्या पाठीमागं, माझ्याच वाऱ्यात. पाण्याची बाटलीही दोघांत एकच, माझ्या हँडलला बांधलेली.

श्रावणचं लग्न फेरीनंच जमवलं. मी आजारी पडलो त्याच्या आदल्या वर्षी, वाटेतल्या देऊळगाव महीच्या पुढं माझा टायर फाटला. श्रावणनं स्वतःच्या टायरचं जुनं अस्तर काढून माझ्या टायरला लावलं आणि मग त्याची ट्यूब दोनदा बसली. दिवस मावळता मावळता देऊळगाव राजाला पोचलो. शिक्का मारायची जागा शेषरावांच्या मिरची-मसाल्याच्या दुकानासमोर होती. त्यांनी काय झालं ते खोदून खोदून विचारलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा कुणाचा म्हणायचा हा?" त्यांना लग्नाची मुलगी होती. दिवाळीपर्यंत सुपारी फुटली. वैशाखातली तिथी धरली.

हलका झालो

त्या दिवाळीनंतर मी बारीक होत गेलो. आता विचार करतो तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा मी खूश होतो. बेल्टला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली. वडनेरहून मलकापूरपर्यंतचे रोजचे नऊ-दहा मैल मी पूर्वीपेक्षा लवकर कापू लागलो. संध्याकाळी अंग कढत लागायचं. ती सायकलीची गर्मी. सकाळी उशी घामानं ओली असायची. रग जिरली म्हणायचं.

माझी बायको कमल एकदा म्हणाली, "अहो, सदरा खुंटीवर टांगल्यावानी दिसून राह्यला तुमच्या अंगावर."

"घाट चढाचा आहे. ओझं कमी झालेलं बरं."

"ओझं कमी झालं का मानूस कमी झाला?"

मी हसण्यावारी नेलं.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. बायकोचं ऐकून वैद्याकडं गेला असता. आम्ही सायकलवाले वजन घटलं की एकमेकांची पाठ थोपटणारे लोक. आणि एक मोठा गैरसमज आमच्यात पक्का होता. घाट एका दमात चढला की घशात रक्ताची चव येते, हे सगळ्यांना माहीत. त्याला आम्ही "छाती मोकळी झाली" म्हणायचो. ज्याची छाती मोकळी झाली तो खरा गडी.

फेरीच्या दिवशी राजूरच्या घाटात मी एकदाही पाय टेकला नाही. आदल्या वर्षी दोनदा उतरून सायकल ढकलली होती. माथ्यावर सगळ्या जोड्यांत आम्ही पहिले. सायकल झाडाला टेकवली आणि खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडाला लावला, तर त्यावर रुपयाएवढा लाल डाग.

श्रावण ओरडला, "छाती मोकळी झाली भाऊजी!"

तो रुमाल मी लपवला नाही. मागून येणाऱ्यांना दाखवला. आणि सायकलीवर बसून बुलडाण्यातून पुढं निघालो. ज्या सरकारी दवाखान्यात नंतर मला ठेवलं, त्याच्या फाटकावरून त्या दिवशी मी घंटी वाजवत गेलो.

देऊळगावला शेषरावांनी आमची बडदास्त ठेवली. मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी चिखलीच्या अलीकडं पाय चालेनात. एका बाभळीखाली बसलो. श्रावणनं कपाळाला हात लावून पाहिला.

"भाऊजी, अंग तापून राह्यलं तुमचं. मोटार येईन आता. चढा तिच्यात, मी सायकल टपावर टाकतो."

"अन् कार्ड?"

"कार्ड गेलं चुलीत!"

मी ऐकलं नाही. शेवटी तो एका हातानं हँडल धरून दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवून ढकलत राहिला. मलकापूरला पोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता. कार्ड बाद झालं ते झालंच.

निदानाचा दिवस

ताप चार दिवस उतरला नाही. मलकापूरच्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, बराच वेळ काढलीच नाही. म्हणाले, "बुलडाण्याला जाऊन छातीचा फोटो काढा. आजच."

तिथल्या डॉक्टरांनी तो फोटो उजेडात धरला. उजव्या बाजूला वर कापसाचं बोंड उकललं असावं तसा पांढरा डाग होता. त्यांनी विचारलं, "थुंकीतून रक्त कधी पडलं?"

"घाटात. फेरीच्या दिवशी."

"मग काय केलंत?"

"देऊळगावला गेलो."

"इथून?"

"हो."

"सायकलीवर?"

"हो."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं नुसतं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "शिक्षक आहात, स्पष्ट सांगतो. हा क्षय आहे. औषधं आहेत, माणसं बरी होतात. एकही दिवस चुकवायचा नाही. आता मला नावं सांगा. तुमच्या खोलीत कोण झोपतं, तुमच्याबरोबर कोण खातं-पितं. सगळ्यांचे फोटो काढायचे."

मी दारात उभ्या असलेल्या कमलकडं पाहिलं. मी सांगितलं, बायको आणि आई. वडील मळ्यात झोपतात.

"आणखी कुणी?"

कमलनं पदराआडून मान हलवली. नाही म्हणून.

"नाही," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर रक्ताचा रुमाल मिरवला ती नव्हे. हे "नाही".

बाहेर आल्यावर कमल भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "त्याचं नाव घेतलं अन् देऊळगावात कळलं तं लगन मोडलं समजा. लोक म्हनतीन, नवरदेवाले रोग हाये. मंग त्याले कोन पोरगी देईन?" मी तिचं मन राखलं, असं म्हणालो तर ते अर्धंच खरं. मलाही बोलायचं नव्हतं. बोललो असतो तर मीच त्याला खड्ड्यात घातलं, हे कबूल करावं लागलं असतं.

खाट क्रमांक सात

वॉर्डातला दिवस ठरलेला. सकाळी सुई. एक दिवस डावीकडं, एक दिवस उजवीकडं. सत्तर मैलांच्या सीटनं जे केलं नव्हतं ते त्या सुईनं केलं, आठवडाभरात मला सरळ बसता येईना. मग गोळ्या, आणि एक अशी पुडी की ती पोटात गेल्यावर तासभर जग नको व्हायचं. थुंकायला झाकणाचं भांडं. दुपारी खाटा व्हरांड्यात ओढायचे आणि आम्ही ओळीनं पडून राहायचो. चार वाजता सिस्टर प्रत्येकाच्या तोंडात थर्मामीटर द्यायची आणि खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या कागदावर रेघ ओढायची. माझी रेघ राजूरच्या घाटासारखी होती. मी रोज तिची उतरण शोधायचो.

सुईनं कानात गुणगुण सुरू व्हायची आणि उठलं की तोल जायचा. ज्याला हात सोडून सायकल चालवता यायची त्याला संडासापर्यंत भिंत धरून जावं लागायचं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डोस बदलला, मग कमी झालं. हे मुद्दाम लिहितो. जे होतं ते सांगावं. मुकाट सोसण्यात काही मोठेपणा नाही.

पहिल्या महिन्यात मी रडलो. एकदा नाही, पुष्कळदा. लाज वाटायची म्हणून तोंड भिंतीकडं करायचो. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "मास्तर, इकडं तोंड करून रडा. तिकडं भिंतीले काय समजते?" तेव्हापासून त्यांच्याकडं तोंड करून रडलो, आणि रडणं कमी झालं.

माय माळकरी. आमच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. डॉक्टरांनी रोज दोन अंडी खायला सांगितली. पुढच्या खेपेला माय आली ती फडक्याची गाठ घेऊन. आजूबाजूला पाहून गाठ माझ्या हातात दिली. आत उकडलेली सहा अंडी.

"माय, हे तू उकडले?"

"हळू बोल. कोनी इचारलं तं मुगाचे लाडू म्हनून सांगजो."

"अन् तुझी माळ?"

"खुंटीले टांगली होती तेवढा वखत. देवाले समजते."

माय आणि कमल यांचे फोटो काढले. दोघींच्या छात्या स्वच्छ निघाल्या. माझ्या खांद्यावरून एक पोतं उतरलं. दुसरं तसंच होतं.

खोकला

श्रावण दर रविवारी यायचा. मलकापूरहून सायकलीवर, घाट चढून. जिनातून आठवड्यात एकच सुट्टी, ती माझ्यावर घालवायचा. व्हरांड्याच्या पायरीवर बसून फेरीतल्या गड्यांच्या गमती सांगायचा, माझ्या सायकलीची साखळी तेल देऊन ठेवली म्हणायचा. मी त्याच्या बोलण्यापेक्षा त्याचा श्वास ऐकायचो.

एका रविवारी तो हसता हसता खोकला. कोरडा, छोटा खोकला. मग परत खोकला.

"कधीपासून खोकतो?"

"कोन, मी? जिनात कापूस उडते भाऊजी, नाकातोंडात जाते."

"पहिले तर उडत नव्हता!"

"पहिलेबी उडे. तुमी कुठी पाह्यत होते?"

मग मी सांगितलं. डॉक्टरांनी नावं विचारली तेव्हा तुझं नाव गिळलं, तेही सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणालो, "फोटो काढ. आज डॉक्टर आहेत."

"नाई."

"काऊन?"

"काऊन म्हनता? इथं कोन कोनाचं सोयरं नाई? मी त्या खोलीत गेलो की संध्याकाळच्या मोटारीनं बातमी देऊळगावात. लगन वैशाखात हाये भाऊजी. त्याच्यानंतर काढतो."

"अन् लग्नानंतर फोटोत डाग निघाला तर? त्या पोरीनं काय केलं तुझं?"

तो उठून उभा राहिला. मी आवाज चढवला, खोकला आला, तरी बोललो, "माझी सायकल तू तपासतो, तुझी मी. आपली आपण तपासायची नाही. मी माझी छाती स्वतःच तपासली आणि खडखडीत आहे म्हणालो, त्याचं काय झालं ते बघ. आता तुझी छाती मी तपासतो आहे. फोटो काढ."

"तुमी मले रोगी ठरवून राह्यले," तो म्हणाला आणि गेला. फाटकापाशी सायकलीवर चढताना त्याला पुन्हा खोकला आलेला मी पाहिला.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. कमल आली, पण माझ्याशी धड बोलली नाही. दुधाचं भांडं टेबलावर आपटून म्हणाली, "माह्या भावाले तोडलं तुमी. घरी येत नाई, जेवत नाई नीट." मी म्हणालो, त्याच दिवशी डॉक्टरांना नाव सांगितलं असतं तर हे झालं नसतं. ती म्हणाली, "मान मी हलवली, तोंड तं तुमचं होतं." मग तिनं डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "त्याले असंन काहो?"

मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात माझा ताप उतरायला लागला होता, वजन दोन पौंड वाढलं होतं, सिस्टर कौतुक करत होती. मला त्यात कवडीचा आनंद नव्हता.

दोघं जण

बुधवारी जेवणं झाल्यावर व्हरांड्यात पडलो होतो. फाटकातून श्रावण आत आला. सायकल नव्हती. त्याच्यासोबत पांढरी टोपी, काळा कोट घातलेले शेषराव. लग्न मोडलं, आणि ते सांगायला मुलीचा बाप स्वतः आला, हेच मनात आलं.

श्रावण माझ्याकडं न पाहता सरळ फोटोच्या खोलीकडं गेला. शेषराव माझ्या खाटेपासून चार हात लांब बाकावर बसले. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी शिकलेले. तुमीच मला सांगायला पायजे होतं."

"चुकलो," मी म्हणालो.

"पोरगा परवा दुकानासमोर येऊन उभा ऱ्हायला. सत्तर मैल सायकल हाणली त्यानं एकट्यानं. गिऱ्हाईक उभं होतं, त्यांच्यासमोर म्हणतो, मामा, माह्या भाऊजीले टी.बी. झाला, मी त्यांच्या बाटलीनं पाणी पेलो, फोटू काढाले जातो. म्हणलं, मग जा की, मला कशाला सांगतो? तर म्हणतो, तुमी संग चाला. मी एकटा गेलो तं तुमाले वाटंन दुसऱ्याचाच फोटू आणला. तुमच्या डोयानं पाहा अन् मंग काय ते ठरवा." ते थांबले. "तवा आलो. लोक लग्नाच्या आधी पोराचा फोटो मागतात, म्या आतला बघायला आलो."

मला हसू आलं नाही, त्यांनाही आलं नाही.

"डाग निघाला तर?" मी विचारलं.

"तर न्हाई जमायचं, मास्तर. मला एकच पोरगी हाये." त्यांनी हे काही कठोरपणानं म्हटलं नाही. मीही त्यांच्या जागी तेच म्हणालो असतो.

फोटो धुऊन निघायला वेळ लागतो. श्रावण बाहेर येऊन पायरीवर बसला, आमच्याकडं पाठ करून. सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात लावली होती. सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. त्याची मान मला दिसत होती. दोन वर्षं फेरीत मी त्याच्याकडं मागं वळून पाहिलं नव्हतं, आणि आता त्या मानेवरून नजर निघत नव्हती. शेषराव अधूनमधून तोंडावर उपरणं धरून खोकत होते. चार वाजले. सिस्टर आली आणि तिनं माझ्या तोंडात थर्मामीटर खुपसला.

त्याच वेळी डॉक्टर ओला फोटो चिमट्यात धरून बाहेर आले. व्हरांड्याच्या कडेला जाऊन त्यांनी तो उन्हात धरला. श्रावण उभा राहिला. शेषराव उभे राहिले. माझ्या तोंडात थर्मामीटर, मला उठता येत नव्हतं.

"स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "काही नाही. जिनात काम करतोस ना? कापसाच्या धुळीचा खोकला आहे. नाकाला फडकं बांधत जा. तीन महिन्यांनी परत एकदा काढायला ये, खात्रीसाठी."

शेषरावांनी विचारलं, "पण साहेब, हा दोन दिवस यांच्या पाठीमागं होता. यांचा सगळा वारा याच्या तोंडावर."

"उघड्या रस्त्यावर, उन्हात, वाऱ्यात या जंतूंचं फारसं चालत नाही. बंद खोलीत त्यांचं फावतं. मास्तर खोलीत कुणाला घेऊन खोकत बसले असते तर मी जास्त काळजी केली असती."

म्हणजे मी दोन महिने ज्या वाऱ्याला शिव्या देत पडलो होतो त्यानंच पोराला वाचवलं होतं. श्रावण पायरीवरच खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांत तोंड झाकलं. खांदे हलत होते. मी खाटेच्या कडेवर हात आपटला, त्यानं वर पाहावं म्हणून. त्यानं पाहिलं आणि नाक पुसत म्हणाला, "पाह्यलं का भाऊजी? तपासली तुमी. ब्रेक बराबर हाये."

डॉक्टर आत वळले तसे शेषराव खाकरले.

"साहेब, एक इचारायचं होतं."

"विचारा."

"मला खोकला हाये. लई दिवसाचा. मिरचीच्या दुकानात बसतो, म्हणून ध्यान दिलं न्हाई. घरी कुणाला बोललो न्हाई. बोललो तर पोरीच्या लग्नात लोक काय म्हणतील, हे भ्या होतं." ते टोपी हातात फिरवत होते. "आता आलोच हाये तर माझाबी काढून घ्या."

शेजारचे आजोबा उशीवरून उठून बसले. ज्या माणसाच्या एका शब्दावर आमच्या घरचं सुख टांगलं होतं, तोच माणूस आमच्यासारखाच भीत भीत तिथं बसला होता. डॉक्टर म्हणाले, "चला."

शेषरावांनी कोट काढला. घडी घातली, टोपी तिच्यावर ठेवली आणि ते गाठोडं श्रावणच्या हातात दिलं.

"धरा, जावईबापू," ते म्हणाले. "अन् मला सांगा, आत गेल्यावर करायचं काय?"

श्रावण गोंधळला. दोन्ही हातांनी कोट छातीशी धरून म्हणाला, "काई नाई मामा. थंड काचेले छाती टेकवा लागते. ते म्हनले की श्वास भरून घ्याचा, अन् सोड म्हनत नाई तवरिक धरून ठेवाचा."

"अन् भ्या वाटलं तर?"

"मी हाये ना दारात."

दोघं आत गेले. सिस्टरनं माझ्या तोंडातला थर्मामीटर काढला, आणि माझ्याकडं न पाहता कागदावर रेघ ओढायला खाली वाकली.